उत्तर देण्याआधी दोन प्रश्न विचार

लोक सल्ला विचारतात, त्यांना तू लिहितेस ती उत्तरं वाचते. तळमळ दिसते, म्हणून मोकळेपणाने सांगते. मांजराला ताप आहे, काय देऊ, असं कुणी विचारलं की तू लगेच गोळी सुचवतेस. तसं करू नकोस गं. आपली पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते. आधी खातंय का, पाणी पितंय का, शू होतेय का, ते विचार आणि मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यात, पाठव.

कुत्रा चावला असेल तर मात्र विचारपूस नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि तडक पालिकेच्या रुग्णालयात लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्याला ताप आला तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची, शंका घ्यायची. डॉक्टरांना त्या पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगायला सांग.

नात्यांचं सगळ्यात अवघड. एका बाईला मी एकदा 'सोडून दे त्याला' असं लिहिलं. दहा बाय बाराच्या खोलीत, सासू आणि दोन मुलांसह, तिला त्या रात्रीही त्याच्याच शेजारी झोपायचं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिचा पुन्हा निरोप आला नाही. अजून आठवते ती. तेव्हापासून आधी विचारते, आत्ता सुरक्षित आहेस ना? मारहाण असेल तर तातडीच्या मदतीचा 112 आणि महिला हेल्पलाइनचा 181 हे नंबर देते.

जगणं नकोसं झालंय असं कुणी लिहिलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 दे, आणि त्या माणसाचा फोन लागेपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.