वाचकांचे प्रश्न : सीझन तिकीट आणि कपच्या पहिल्या फेऱ्या

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि तिथल्या फुटबॉल क्लबांचं सीझन तिकीट काढणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: हंगामाच्या सुरुवातीला येणाऱ्या कप सामन्यांचं काय करायचं? त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सीझन तिकिटाचे सगळे पैसे जूनमध्येच भरले होते. तरी सप्टेंबरमध्ये लीग कपच्या सामन्याचे वेगळे पैसे कार्डातून गेले. हे बरोबर आहे का? (लंडन)

उत्तर : बहुतेक वेळा बरोबरच असतं. प्रीमियर लीगचं सीझन तिकीट म्हणजे लीगचे घरच्या मैदानावरचे 19 सामने. लीग कप आणि एफए कप या लीगपेक्षा वेगळ्या, बाद पद्धतीच्या स्पर्धा. त्यांत सामना घरी की बाहेर हे सोडतीवर ठरतं आणि हरलं की प्रवास संपतो, त्यामुळे किती सामने होतील हे क्लबलाही आधी माहीत नसतं. म्हणून कपचा हिशेब वेगळा ठेवतात. याला अपवादही आहेत. आर्सेनलच्या सीझन तिकिटात अनेक वर्षं 19 लीग सामन्यांसोबत कपचे 7 सामने, असे एकूण 26 सामने आधीच धरलेले असत.

इतर क्लबांत साधारण तीन पद्धती दिसतात. काही ठिकाणी कप योजना, म्हणजे कपच्या घरच्या सामन्यांची तिकिटं आपोआप घेण्याची सोय, सक्तीची असते. काही ठिकाणी ती ऐच्छिक असते, पण एकदा होकार दिला की प्रत्येक सामन्याचे पैसे आपोआप कापले जातात. लिव्हरपूलची ‘ऑटो कप स्कीम’ या प्रकारातली. तिसऱ्या पद्धतीत तुमची खुर्ची ठरावीक तारखेपर्यंत राखून ठेवतात आणि तिकीट तुम्ही स्वतः घ्यायचं. तुमचा क्लब यांपैकी कोणत्या पद्धतीचा आहे, ते नूतनीकरणाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. घोटाळा होतो तो एका चौकटीमुळे: गेल्या वर्षी दिलेला होकार अनेक क्लबांत यंदाही तसाच पुढे चालू राहतो. खात्यात लॉगिन करून लीग कप, एफए कप आणि युरोपियन स्पर्धा यांच्यासमोर काय खूण आहे ते एकेक करून पाहा. कुटुंबाच्या तीन खुर्च्या असतील तर तिन्ही सभासद क्रमांकांवर पाहा. वडिलांचा होकार मुलाच्या तिकिटाला लागू होत नाही, आणि मग ऐन वेळी मुलगा दुसऱ्या ब्लॉकमध्ये बसतो.

प्रश्न : कप योजनेत होकार दिला तर जास्तीत जास्त किती सामन्यांचे पैसे भरावे लागतील?

उत्तर : युरोपियन स्पर्धेत नसलेला प्रीमियर लीगचा क्लब लीग कपमध्ये दुसऱ्या फेरीपासून, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस उतरतो. दुसरी, तिसरी, चौथी, उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीच्या दोनपैकी एक सामना, असे घरी जास्तीत जास्त 5. एफए कपमध्ये हा क्लब जानेवारीत तिसऱ्या फेरीला येतो. उपांत्य सामने लंडनच्या वेम्बली मैदानावर होतात, म्हणून तिथे घरचे जास्तीत जास्त 4. एकूण 9. युरोपात खेळणारा क्लब लीग कपमध्ये तिसऱ्या फेरीपासून येतो, त्यामुळे एकूण 8. पण चॅम्पियन्स लीग असेल तर तिच्या पहिल्या टप्प्यातले घरचे 4 सामने वाढतात, आणि त्यांची तिकिटं बरीच महाग असतात.

प्रत्येक सोडत घरची निघणं दुर्मीळ. सुरुवातीच्या फेऱ्यांची तिकिटं बहुधा 10 ते 25 पौंडांत मिळतात. माणशी 80 ते 100 पौंड बाजूला ठेवले तर डिसेंबरपर्यंत सहसा ओढाताण होत नाही.

प्रश्न : योजनेत नाव होतं, तरी माझी खुर्ची दुसऱ्याला विकली गेली.

उत्तर : कार्ड तपासा. सोडतीनंतर थोड्याच दिवसांत क्लब पैसे कापायला जातो. त्या दिवशी कार्डाची मुदत संपलेली असली, बँकेने नवा क्रमांक दिलेला असला किंवा बँक फोनवर मंजुरीची वाट पाहत राहिली, तर व्यवहार फसतो. क्लब ईमेल पाठवतो, ती जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडते, मुदत उलटते आणि खुर्ची सभासदांच्या विक्रीत जाते. पुन्हा असं झालं तर काही क्लब योजनेतूनच नाव काढतात. त्यामुळे सोडतीच्या दुसऱ्या दिवशी स्वतः खात्यात जाऊन पाहा. आणखी एक: फोनमधला हंगामाचा पास कपलाही चालेल असं धरू नका. अनेक ठिकाणी कपचा पास वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि फाटकापाशी गर्दीत नेट मिळत नाही.

प्रश्न : सुरुवातीच्या फेऱ्यांत राखीव खेळाडूच उतरवतात. मंगळवारच्या रात्री पैसे आणि झोप घालवून जाण्यात काय अर्थ आहे? (मँचेस्टर)

उत्तर : आमचं स्पष्ट मत आहे की जावं. एक कारण व्यवहाराचं आहे. बहुतेक क्लबांत कपच्या प्रत्येक सामन्याची नोंद तुमच्या नावावर होते आणि बाहेरच्या सामन्यांची, उपांत्य आणि अंतिम सामन्याची तिकिटं वाटताना ती नोंद मोजली जाते. वेम्बलीत 90,000 जागा असल्या तरी बराच भाग प्रायोजक, संघटना आणि पाहुण्यांकडे जातो. प्रत्येक क्लबच्या वाट्याला साधारण तीस-पस्तीस हजार येतात.

न्यूकॅसलचं 2024-25 चं उदाहरण घ्या. लीग कपच्या तिसऱ्या फेरीत त्यांना खालच्या विभागातल्या एएफसी विम्बल्डनच्या मैदानावर खेळायचं होतं. पुराच्या पाण्याने ते मैदान खचलं, आणि सामना आयत्या वेळी न्यूकॅसलच्याच मैदानावर, सेंट जेम्स पार्कवर, हलवला गेला. 1 ऑक्टोबरला न्यूकॅसल एका पेनल्टीवर 1-0 ने जिंकलं. लक्षात राहावा असा तो सामना नव्हता. पण त्याच वाटेने पुढे चेल्सी, ब्रेंटफर्ड आणि आर्सेनलला हरवून मार्च 2025 मध्ये त्यांनी वेम्बलीत लिव्हरपूलला 2-1 ने नमवलं. 1955 नंतरचा तो त्यांचा पहिला देशांतर्गत चषक. सेंट जेम्स पार्कमध्ये 52,000 च्या आसपास माणसं बसतात. अंतिम सामन्याला त्या सगळ्यांना जागा मिळणं शक्यच नव्हतं.

दुसरं कारण खेळाचं. राखीव खेळाडू म्हणजे दुय्यम खेळ, हे आम्हाला मान्य नाही. 25 सप्टेंबर 2024 ला आर्सेनलने बोल्टनला 5-1 ने हरवलं, तेव्हा गोलमध्ये 16 वर्षांचा जॅक पोर्टर उभा होता आणि 17 वर्षांच्या इथन न्वानेरीने दोन गोल केले. जे तिथे होते त्यांनी त्या मुलांना सगळ्यांच्या आधी पाहिलं. आणि मोठा क्लब सहज जिंकेल असं कुठे लिहिलेलं नसतं. ऑगस्ट 2025 मध्ये दुसऱ्याच फेरीत चौथ्या विभागातल्या ग्रिम्सबीने मँचेस्टर युनायटेडला 2-2 अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर 12-11 ने बाहेर काढलं. शिवाय एफए कपच्या तिकीटविक्रीतून खर्च वजा जाता 45 टक्के यजमानांना, 45 टक्के पाहुण्यांना आणि 10 टक्के सामाईक निधीला जातात. पाहुणा क्लब छोटा असेल तर तुमच्या तिकिटाचा जवळजवळ अर्धा पैसा त्याच्या तिजोरीत पडतो.

प्रश्न : एफए कपला माझी नेहमीची खुर्ची न देता दुसऱ्या स्टँडमध्ये बसवलं. सीझन तिकीट असताना?

उत्तर : तुमची खुर्ची पाहुण्यांच्या ब्लॉकला लागून असणार. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकांना 3,000 जागा मिळतात, लहान मैदान असेल तर क्षमतेच्या 10 टक्के. एफए कपमध्ये पाहुणा क्लब 15 टक्क्यांपर्यंत जागा मागू शकतो. 50,000 च्या मैदानावर हे 7,500 होतात. जादाच्या 4,500 जागा शेजारच्या ब्लॉकमधून काढाव्या लागतात, आणि दोन गटांमध्ये रिकाम्या रांगाही ठेवाव्या लागतात. दुसरी शक्यता अशी की विक्री कमी असली तर सुरक्षा कर्मचाऱ्यांचा खर्च वाचवायला वरचा मजला उघडतच नाहीत. दोन्ही बाबतीत क्लब पर्यायी जागा देतो, पण आधी मागणाऱ्याला चांगली मिळते. ईमेल येताच फोन करा.

प्रश्न : त्या दिवशी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी आहे. व्हॉट्सअॅपच्या मराठी ग्रुपवर तिकीट मूळ किमतीला विकलं तर चालेल ना?

उत्तर : नाही, मुळीच नको. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉल सामन्याचं तिकीट विकणं हा 1994 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. नफा झाला की नाही हा प्रश्नच येत नाही. ग्रुपवर ‘विकणे आहे’ असं टाकणंही त्यात येतं. क्लबच्या अ‍ॅपमध्ये तिकीट दुसऱ्याच्या नावे करण्याची किंवा परत विक्रीला लावण्याची सोय असते, ती वापरा. मित्राला फुकट द्यायचं असलं तरी अ‍ॅपमधूनच द्या आणि बालक किंवा ज्येष्ठ सवलतीचं तिकीट प्रौढाला देऊ नका, फाटकावर अडवतात. हे काम शेवटच्या तासावर ठेवू नका, कारण हस्तांतर सामन्याच्या काही वेळ आधी बंद होतं. खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा कुणीतरी बसलेलं केव्हाही चांगलं. काही क्लब आता न वापरलेल्या तिकिटांची मोजदादही ठेवतात.

प्रश्न : रात्रीच्या सामन्यानंतर शेवटची ट्रेन मिळेल का?

उत्तर : 7.45 ला सुरू झालेला सामना वाढीव मिनिटं धरून साडेनऊ-पावणेदहाला संपतो. लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बरोबरी झाली तर जादा वेळ न देता थेट पेनल्टी घेतात, म्हणजे फार तर दहा. एफए कपचं गणित वेगळं आहे. 2024-25 पासून पहिल्या फेरीपासून पुढे बरोबरीनंतरचा पुनर्सामना बंद झाला, त्यामुळे त्याच रात्री जादा वेळ आणि मग पेनल्टी, पावणेअकरा धरा. टीव्हीसाठी सामना शुक्रवार ते सोमवार कुठेही सरकतो. तारीख पक्की होण्याआधी परत न करता येणारं स्वस्त तिकीट काढू नका.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मुलीकडे इंग्लंडला जाणार आहे. सीझन तिकीट नाही. एखादा सामना पाहता येईल का? (पुणे)

उत्तर : लीगच्या मोठ्या सामन्याच्या मागे लागू नका, लीग कपची तिसरी फेरी पाहा. सीझन तिकीटवाल्यांची मुदत संपली की उरलेल्या खुर्च्या सभासदांना आणि नंतर सर्वांना खुल्या होतात. मुलीच्या नावाने क्लबचं साधं सभासदत्व घेतलं तर एक पायरी आधी खरेदी करता येते. काही क्लब आधी तिकीट खरेदी केलेल्यांनाच खुल्या विक्रीत घेतात, तेवढी अट वाचा. युरोपात खेळणारे क्लब असल्याने ही फेरी अलीकडे दोन आठवड्यांत विभागतात. मुक्काम त्याप्रमाणे ठरवा आणि सोडत होईपर्यंत हॉटेलचे पैसे भरू नका.