जिनिव्हाला हाय-व्होल्टेज पल्सच्या कामासाठी यायचे असेल तर

पुण्यात पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करून सध्या इन्व्हर्टरच्या कारखान्यात असताना सर्नमध्ये (जिनिव्हाजवळची युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळा) ट्रिगर जनरेटरच्या, म्हणजे मोठे स्विच चालू करणारा पल्स देणाऱ्या उपकरणाच्या, आरेखनाचे काम मिळेल का आणि त्यासाठी आधी काय शिकावे, असे तुम्ही विचारले आहे. मिळू शकते. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य असल्यामुळे भारतीय नागरिकांना तेथील ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो. डॉक्टरेटसाठीही जागा निघतात, मात्र पदवी विद्यापीठ देते, सर्न नव्हे. इन्व्हर्टरचा अनुभव येथे अर्धाच कामी येतो, एवढे आधीच सांगून ठेवतो.

याचे कारण एलएचसी या सर्नच्या मोठ्या कणत्वरकातील कणांचा झोत बाहेर काढणाऱ्या यंत्रणेवरून समजेल. प्रत्येक झोतासाठी तेथे १५ किकर चुंबके (झोताला झटक्यात मार्गाबाहेर वळवणारी) आहेत, आणि झोतात मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या ३ मायक्रोसेकंदांच्या फटीत त्यांतील प्रवाह पूर्ण ऊर्जेला शून्यापासून सुमारे साडेअठरा हजार अँपिअरपर्यंत चढावा लागतो. हा प्रवाह सुरू करणाऱ्या स्विचमध्ये जीटीओ जातीच्या दहा थायरिस्टर चकत्या (गेट या टोकाला पल्स मिळताच वाहू लागणारे अर्धवाहक स्विच) एकसर जोडलेल्या असतात. गेटला मिळणारा पल्स दुबळा किंवा संथ असला, तर चकतीचा गेटजवळचा थोडाच भाग आधी वाहू लागतो, सारा भार त्या चिंचोळ्या भागावर पडतो आणि चकतीचे आयुष्य घटते. शिवाय एखादी चकती मागे राहिली, तर इतर नऊ चालू होताच त्यांच्या वाट्याचा विद्युतदाबही (व्होल्टेज) तिच्यावर येतो. म्हणून दहाही गेटांच्या ट्रान्सफॉर्मरच्या कड्यांसारख्या गाभ्यांतून प्राथमिक बाजूची एकच तार ओवलेली असते, म्हणजे सर्वांना एकाच क्षणी सारखाच प्रवाह मिळतो आणि उच्च दाबापासून विलगताही साधते. त्या तारेच्या वळशाचे प्रेरकत्व १ मायक्रोहेन्री धरले, तरी मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरचा चढ मिळवण्यासाठी १,००० व्होल्ट लागतात. ट्रिगरचा दाब वाढत जातो तो यामुळे.

याहून वेगवान मार्ग म्हणजे गेट बाजूला ठेवून थायरिस्टरच्या अॅनोडवरच (मुख्य प्रवाहाच्या टोकावर) नॅनोसेकंदाला १ किलोव्होल्टहून अधिक वेगाने चढणारा पल्स देणे. आघात-आयनीभवनामुळे, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांच्या धडकेने नवे विद्युतवाहक सुटत गेल्यामुळे, चकती नॅनोसेकंदाच्याही अंशात वाहू लागते. चकतीची धारिता १ नॅनोफॅरड असली, तरी एवढ्या चढासाठी जनरेटरने १,००० अँपिअर द्यावे लागतात. एर्विन मार्क्स यांनी १९२४ मध्ये मांडलेले, समांतर भारित करून एकसर मोकळे करायचे परिपथ आता स्फुल्लिंग-अंतराऐवजी (ठिणगी उडणारी फट) मॉसफेट हे ट्रान्झिस्टर वापरून याच कामासाठी बांधले जातात. माझ्या मते तुम्ही याच बाजूला वळावे, कारण आजचा मोकळा वाव येथे आहे.

निघण्यापूर्वी चार-पाच टप्प्यांचा छोटा मार्क्स जनरेटर स्वतः बांधा आणि त्याहून अधिक वेळ त्याचे मोजमाप करण्यात घालवा. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची दहा सेंटिमीटरची अर्थिंगची तार या वेगाला खोटी लहर दाखवते, आणि कोअॅक्स केबलचा एक मीटर साधारण ५ नॅनोसेकंद उशीर करतो. हे हिशेब जिभेवर असावेत. कपॅसिटर मोकळा केल्यावरही त्याची टोके जोडूनच ठेवावीत, कारण आतला विद्युतरोधक थोडा दाब परत उभा करतो. ही सवय नसलेल्या माणसाला कोणतीही शहाणी प्रयोगशाळा एकट्याने काम करू देणार नाही.

येथे बैठका इंग्रजीत होतात. कार्यशाळेतील तंत्रज्ञांशी मात्र फ्रेंचमध्ये बोललेले चांगले, आणि फ्रान्सच्या हद्दीत घर घेतले (जिनिव्हाच्या भाड्यामुळे बरेच जण घेतात) तर तिच्यावाचून चालतच नाही. नोकरी मुदतीची असल्याने पुढचा विचारही आताच करा. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र या दोन्ही ठिकाणी स्पंदित शक्तीचे (अशाच मोठ्या, अल्पकाळ टिकणाऱ्या पल्सचे) काम चालते; त्यांच्याही जाहिराती पाहत राहा, आणि एका ठिकाणी दोन वर्षे मिळाली तर ती घेऊन मग येथे अर्ज करणे मला अधिक योग्य वाटते.