आजोळचं घर मोजायला जातेस, म्हणून

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

गोव्यातलं प्रियोळचं आजोळ पावसाळ्यानंतर दुरुस्तीला निघणार आणि त्याआधी तुला ते मोजून, लिहून ठेवायचंय, हे वाचून फार बरं वाटलं. लगेच लाग कामाला. मेस्त्री एकदा आत शिरला की जुनी खूण राहत नाही.

तू लिहितेस, घर साडेचारशे वर्षांचं आहे असं मामा म्हणतात. ते ‘मामा म्हणतात’ म्हणूनच वहीत लिही, नकाशावर नको. फोंड्यातल्या पुष्कळ घरांत हे ऐकू येतं. सोळाव्या शतकात तिसवाडी-सासष्टीतली देवळं मोडली, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, आणि देवांमागून कुळंही नदी ओलांडून आली. ती आठवण खरी आहे, पण ती कुळाची आहे, भिंतींची नव्हे. मी स्वतः एका घराच्या बाबतीत दोन्ही एकच समजून टिपणात तेच वय लिहून दिलं होतं. पुढे त्याच घरातल्या पेटीत इन्व्हेंटरीचे पोर्तुगीज कागद सापडले. वाटणीसाठी घरातली दालनं एकेक करून नोंदलेली होती आणि त्यांत आजचं माजघर नव्हतंच. तोवर माझं टिपण चौघांनी उतरून घेतलं होतं. त्याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून घराचं एकच एक वय शोधू नकोस. कुठल्या पिढीनं काय जोडलं ते वेगळं काढ. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसला आणि दोन्हीकडचे चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, एकमेकांत गुंतलेले नसले, तर एक बांधकाम तिथे संपून दुसरं सुरू झालंय असं समज. एखादं मंगळुरी कौल उतरवून उलटं कर, कारखान्याचं नाव दाबलेलं सापडेल. मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना १८६५ साली निघाला, त्याआधी आपल्याकडे नळ्याची कौलं. अर्थात त्यावरून कळतं ते छपराचं वय. मामांकडे जुने कागद असतील तर मोडीतले आणि पोर्तुगीजमधले वेगळे लाव, सगळ्यांचे फोटो काढ. वाचणारं कुणीतरी मिळेल.

राजांगणापासून, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकापासून, सुरुवात कर. ते चौरस दिसतं, पण सहसा नसतं. चार बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण घे. भिंतीची मापं तुकड्यातुकड्यांनी घेऊन बेरीज करू नकोस, चूक वाढत जाते. टेपचं टोक एका कोपऱ्यात धरून ठेव आणि खांब, दार, खिडकी जसजशी येईल तसतसा आकडा वाचत जा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मिळेल. चिऱ्याच्या भिंतीवर कुणी सिमेंट मारलं असेल ती जागा नीट दाखव. चिरा पाणी पितो आणि चुन्यातून ते बाहेर टाकतो. सिमेंटनं वाट अडली की ओल दुसरीकडे फुटते. दुरुस्ती करणाऱ्याला तुझ्या नकाशातून एवढं कळलं तरी भिंत वाचेल.

चवथीचा गणपती बसतो त्या खोलीत मान वर करून बघ. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास, बांधायची लाकडी चौकट असेल, नाहीतर तिच्या कड्या तरी. कागदावर ते चार ठिपके, पण तू ते दाखवले नाहीस तर तुळया बदलताना कड्या जातील आणि पुढच्या चवथीला सुपारीचा शिपटा (घोस), नारळाची पेंड कुठे बांधायची हा प्रश्न पडेल. कुठल्या कडीला काय बांधतात ते मामीला विचार.

मामीकडे जाताना टेप-वही नेऊ नकोस. पुरुषमाणसं वसरी आणि देवघर दाखवतात नि घर संपलं म्हणतात. बाळंतिणीची कूड (खोली) कुठली, रांदचे कुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, धूर कुठून जायचा, बांयचं (विहिरीचं) पाणी कुठल्या दारानं आत यायचं, हे मामीलाच ठाऊक. मला तर कुणी त्या बाजूला नेतही नसे. तुला नेतील. शेजारी जुन्या मुंडकारांचं, म्हणजे घरमालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचं, घर असेल तर तिथेही बस. या घराच्या परसातलं काम त्यांच्याच हातून झालेलं असतं.

घरी येऊन नकाशा सुबक काढलास तरी जागेवर काढलेला मळका कागद टाकू नकोस. मला त्याचाच फोटो पाठव. आणि पाच मीटरच्या टेपवर विसंबू नकोस. माझी तीस मीटरची आहे, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
काका