प्लास्टरमधला हात आणि इमॅजिकाची तिकिटं

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा. बारा दिवसांपूर्वी सायकलवरून पडला आणि डाव्या मनगटाच्या वरचं हाड मोडलं. आधी कच्चं प्लास्टर होतं, आता कोपराच्या खालपर्यंत फायबरचं पक्कं घातलंय. डॉक्टरांनी पाच आठवडे सांगितलेत. पंचाईत अशी की खोपोलीच्या इमॅजिकाची तिकिटं महिन्यापूर्वीच काढून ठेवलीत. पुढच्या शनिवारी दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, सासूबाई असे सगळे निघणार. डॉक्टर म्हणतात, “फिरायला न्या, हात सांभाळा.” जाऊबाई म्हणतात, “फायबरला पाण्याचं काही होत नाही, वरून पिशवी बांधू.” सासूबाई म्हणतात, “मी आणि तो घरी थांबतो.” आणि मुलगा म्हणतो, तिथल्या नायट्रो रोलर कोस्टरमध्ये बसणारच. कुणाचं ऐकू?
— एक आई, नाशिक

उत्तर : न्या त्याला. पण नायट्रोचं काय ते नाशिकमध्येच त्याला सांगून टाका, खोपोलीला पोचल्यावर नको.

मी सव्वीस वर्षं प्लास्टर रूममध्ये काढली. तरी हे शहाणपण मला तिथे नाही आलं, स्वतःच्या मुलीपायी आलं. इमॅजिका सुरू झालं 2013 ला, माझी गोष्ट 1998 ची आणि दुसऱ्याच एका पार्कातली. लेक नऊ वर्षांची, उजवा हात प्लास्टरमध्ये. मे महिन्याच्या उन्हात पाऊण तास रांगेत उभ्या राहिलो. नंबर आला तर फाटकावरच्या पोराने हात आडवा घातला. मी तोऱ्यात म्हटलं, “हे प्लास्टर मीच घातलंय, काही होत नाही.” तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, प्लास्टर तुमचं, पण दांडी कोण धरणार?” मग त्याच चिंचोळ्या रांगेतून, सगळ्यांना “जरा सरका, जरा सरका” करत आम्ही उलट्या बाहेर आलो. हुंदके देत होती बिचारी. आज ती स्वतः एका मुलाची आई आहे. त्या दिवसाचा विषय निघाला की पाळणा हुकल्याचं तिला काही वाटत नाही, त्या रांगेतून परत यायचं मात्र अजून आठवतं.

पोराचं बरोबर होतं. झटका बसला की दोन्ही हातांनी धरावं लागतं. प्लास्टरचा हात उसळला तर शेजारच्याच्या तोंडावर नाहीतर स्वतःच्या नाकावर आदळतो; फायबर हलकं असलं तरी विटेसारखं टणक असतं. आणि पाळणा मध्येच वर अडकला तर शिडीने उतरताना एक हात पुरत नाही. शिवाय शनिवारपर्यंत जेमतेम तीन आठवडे होतील. तोवर जुळत आलेलं हाड मऊच असतं, जोराच्या हिसक्याने सरकू शकतं. डॉक्टरांच्या “फिरायला न्या”त धक्क्याचे पाळणे येतात का, हे त्यांना स्पष्ट विचारा. ते हो म्हणाले तरी बसू द्यायचं की नाही, हे फाटकावरचा माणूस ठरवतो. चिठ्ठी दाखवून हुज्जत घालू नका.

(आणि हो, मोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट असते. दाराच्या चौकटीशी उभं करून त्याची उंची मोजा. हात धड असता तरी नायट्रो जमलं असतं का, ते कळेल. निम्मं भांडण तिथेच मिटेल.)

आधी पार्कला फोन करा. हाताला प्लास्टर आहे हे सांगून कशाकशात बसता येईल ते विचारा, तिकिटांची तारीख पुढे ढकलता येते का तेही विचारा. ढकलता आली तर उत्तमच, मात्र प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशीची घेऊ नका. त्यानंतरही काही आठवडे हाड जपावं लागतं. नाहीच ढकलता आली, तर बसून बघायचे शो आणि ते परवानगी देतील त्या संथ राइड्स, एवढं कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

जाऊबाईंचं अर्धं खरं आहे. फायबर विरघळत नाही, पण आतलं कापसाचं अस्तर भिजलं की वाळत नाही. कातडी पांढरी पडते, सोलवटते, आणि वास तर असा येतो की काय सांगू! पिशवी अंघोळीपुरती ठीक. राजासॉरस या पाण्यातल्या राइडच्या फवाऱ्यापुढे आणि वॉटर पार्कात तिचा भरवसा नाही. घामाने खाज सुटेल तेव्हा आत काही घालू देऊ नका. प्लास्टर कापताना मला विणायच्या सुईचं टोक सापडलंय, पेन्सिलीचा तुकडा सापडलाय, एकदा तर रुपयाचं नाणंसुद्धा.

गाडीत त्याला मागे उजव्या खिडकीशी बसवा, म्हणजे पट्टा धडक्या खांद्यावरून येईल आणि डावा हात दारावर आपटणार नाही. हाताखाली उशी द्या. पार्कात हात झोळीतच राहू दे. दर तासा-दोन तासांनी बोटाचं नख दाबून सोडा : पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं, दुसऱ्या हातासारखंच. बोटं निळसर किंवा गार पडली, मुंग्या आल्या, हलवता येईनाशी झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर पार्क सोडा आणि सरळ दवाखाना गाठा.

सासूबाईंना तर घरी ठेवूच नका. त्यांनाही कोस्टरात बसायचं नसणार, मग त्याला जोडीदार मिळाला की! फक्त दिवसभर दोघांनाच एका बाकावर बसवून बाकीचे पसार होऊ नका. मोठ्यांनी पाळी लावून घ्या.

आणि एक जाड मार्कर न्या. चुलत भावंडं राइडवरून आली की त्यांना प्लास्टरवर ती राइड काढू दे. चित्रं मनगटाच्या वरच्या सपाट बाजूला काढायला सांगा. कटर दोन्ही कडांनी फिरतो, ती बाजू अख्खी निघते.