सही करण्याआधी क्लबचेही कागद वाच

अनेक आशीर्वाद.

दोन फुटबॉल क्लबांकडून बोलावणं आल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. एक आयएसएल म्हणजे सर्वांत वरच्या इंडियन सुपर लीगमधल्या क्लबचा राखीव, म्हणजे दुसऱ्या फळीचा संघ, दुसरा आय-लीगच्या खालच्या पायरीवरच्या आय-लीग टूमधला क्लब. ‘खालच्या लीगमध्ये गेलो तर तिथेच अडकेन का?’ असं तू विचारतोस. याचं उत्तर द्यायचं तर आधी आपल्या गोव्यात काय घडलं ते तुला ठाऊक हवं.

तू जन्मलास त्या काळात देशाचं विजेतेपद गोव्याबाहेर जात नव्हतं. आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि पहिले सहाही चषक इथेच आले. आपल्या क्लबांपैकी धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. पुढे २०१४-१५ मध्ये तोच धेंपो घसरून त्याखालच्या सेकंड डिव्हिजनमध्ये गेला. दुसऱ्याच वर्षी ती जिंकून परत वर आला आणि तरीही वरच्या लीगमध्ये उतरला नाही. कारण आयएसएलला पहिला दर्जा आणि आय-लीगला त्याखालची जागा, असा आराखडा भारतीय फुटबॉल महासंघाने २०१६ मध्ये पुढे केला होता. त्याच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही बाहेर पडले. क्लबांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खेळायचं कशासाठी? पण ज्या पोरांनी घाम गाळून बढती मिळवली होती, त्यांच्या पदरात ती पडली नाही, याचं दुःख मला अजून आहे.

आता वाट आहे. गोवा प्रोफेशनल लीगसारख्या राज्य लीगमधून आय-लीग थ्री, मग टू, मग आय-लीग. आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये घेण्याची सुरुवात २०२२-२३ च्या हंगामापासून झाली. आधी पंजाब एफसी गेला, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. धेंपोही खालून चढत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. तेव्हा खालची लीग म्हणजे शेवट, ही भीती मनातून काढून टाक.

भीती बाळगायची तर कागदांची बाळग. आय-लीगचा २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा चर्चिलचे ४० गुण होते, इंटर काशी या क्लबचे ३९. पण काशीच्या एका सामन्याचा वाद मिटायचा होता. प्रतिस्पर्धी नामधारी संघाने अपात्र खेळाडू उतरवल्याची ती तक्रार होती. महासंघाच्या अपील समितीचा निर्णय काशीच्या विरोधात गेला आणि एप्रिलमध्ये चर्चिलला विजेते जाहीर केलं. पुढे स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवला, आणि काशीच्याच एका खेळाडूच्या नोंदणीचा दुसरा वाद मिटवून जुलैमध्ये विजेतेपद काशीला दिलं. कोणता खेळाडू पात्र आणि कोणता नाही, या कागदांच्या वादात साऱ्या देशाची लीग उन्हाळाभर लटकली. आपल्या मडगाव-वास्कोच्या पोरांनी तो उन्हाळा कसा काढला असेल, याचा विचार कर.

म्हणून क्लबच्या माणसांना बेधडक विचार. परवाना आहे का? बढती मिळाली तर वरच्या लीगचे निकष पुरे करायची तयारी आहे का? म्हणजे मैदान, वयोगटांचे संघ, पात्रताधारक प्रशिक्षक, हिशेब. गेल्या हंगामातल्या खेळाडूंना पगार वेळेवर मिळाला का? हे शेवटचं मात्र क्लबला विचारू नकोस, खेळाडूंनाच विचार.

स्वतःची नोंदणीही समजून घे. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात तीन क्लबांपर्यंत नोंदणी होते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. म्हणजे रागाच्या भरात क्लब बदलत राहिलास तर उरलेला हंगाम बाकावरच जाईल. अठरा पूर्ण होईपर्यंत तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार करू नकोस. नियमालाही तो मान्य नाही.

माझं मत विचारशील तर आय-लीग टू. राखीव संघात सराव चांगला होईल, आहार चांगला मिळेल, हे खरं. पण त्या संघाला बढती नसते, आणि वरच्या संघाचा बचावपटू जखमी झाला तर तुझ्याआधी दुसरा कोणी उभा असेल. सतरा-अठराव्या वर्षी बचावपटूला सामने हवेत. शेवटच्या दहा मिनिटांत एका गोलची आघाडी राखायची, हरलो तर खाली जाणार हे माहीत असताना पाय थरथरू द्यायचे नाहीत, हे सरावात शिकवता येत नाही. मी कितीही ओरडलो तरी.

कराराची प्रत घेऊन रविवारी साखळी गावाला ये. मुदत आणि करार मोडण्याची अट आपण ओळ न् ओळ वाचू. आईलाही आण. तू अजून अठराचा नाहीस, सही तिचीही लागेल.

तुझे सर