लेकीला साइटवर जाऊ द्या

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीचा सिव्हिल डिप्लोमा ७१ टक्क्यांनी झालाय, गावातल्याच एका कंत्राटदाराकडे साइट ट्रेनी म्हणून महिना १२ हजारावर बोलावलंय, तिला जायचंय, आणि तुम्ही मात्र पुण्यातल्या रेव्हिटच्या, म्हणजे इमारतीचं मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरच्या, कोर्सच्या ८० हजारांपैकी २० हजार भरून मोकळे झालात, तेही तिला न विचारता. आणि मला विचारताय ७१ टक्के कमी पडतील का. मार्कांचं सोडा हो, ते चांगले आहेत. मला खटकलं ते तुमचं वाक्य, "मुलीच्या जातीनं उन्हात गवंड्यांमध्ये उभं राहायचं का?"

अहो, तीन वर्षं फी भरलीत ती सिव्हिलचीच ना? सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला ती उन्हातच उभी होती की. काळजी वाटते हे समजतं, पण मग काळजीचे प्रश्न विचारा: साइटवर बायकांसाठी टॉयलेट आहे का, सुटायची वेळ काय, स्लॅबच्या दिवशी उशीर झाला तर घरी कोण सोडणार, ऑफिसात अजून कुणी बाई आहे का. हे विचारायला कंत्राटदाराकडे तिच्यासोबत जा. पण "आपल्या घरात चालत नाही" हे उत्तर होत नाही, त्यात तिचं म्हणणं कुठंच नाही.

आता तुमचा गैरसमज. तुम्ही लिहिलंय, सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढली की विटा-सिमेंट आपोआप मोजून येतं, मग साइटवर जायचंच कशाला. तसं नसतं. रेव्हिटला भिंत म्हणजे थरांचा एक ठोकळा, मधे वीट, दोन्हीकडे प्लास्टर. काढणाऱ्यानं ती खालच्या लेव्हलपासून वरच्या लेव्हलपर्यंत ओढली आणि बीमशी जॉइन केली नाही, तर बीमच्या जागेतसुद्धा वीट मोजली जाते. ४ मीटर लांब नऊ इंची भिंत आणि वर ४५० मिमीचा बीम धरा, ०.४१ घनमीटर बांधकाम जास्तीचं, म्हणजे एका भिंतीत दोनशेच्या आसपास विटा ज्या कधी लागणारच नाहीत. आता दार घ्या, ०.९ बाय २.१ मीटर, म्हणजे १.८९ चौरस मीटर. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंचं प्लास्टर वजा करून टाकतं, पण आपल्याकडं बिल निघतं आयएस १२०० प्रमाणं, म्हणजे बांधकाम कसं मोजायचं याच्या भारतीय मानकाप्रमाणं, आणि त्यात अर्ध्या ते ३ चौरस मीटरच्या ओपनिंगला दोन्हीकडं सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूचं वजा होतं, कारण चौकटीच्या आतल्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजत नाहीत. अशी १६० दारं असलेल्या बिल्डिंगमध्ये ३०० चौरस मीटरचा फरक पडतो. कॉलम आणि भिंतीच्या जोडावर प्लास्टरखाली लावायची चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी, लाइटच्या पाइपसाठी फोडलेल्या झिऱ्या, ट्रकमधून उतरवताना फुटलेल्या विटा, हे तर मुद्दाम कुणी भरल्याशिवाय मॉडेलमध्ये येतच नाही. सॉफ्टवेअर वाईट नाही, दारं-खिडक्या मोजायला तर फार छान आहे, पण त्यानं दिलेला आकडा चुकलाय हे ओळखायला भिंत उभी राहताना पाहिलेली असावी लागते.

डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग किंवा जेईच्या, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरच्या, परीक्षा हे रस्ते आहेतच, पुढच्या वर्षीही असतील.

माझं मत स्पष्ट आहे, वर्षभर साइट करू दे. टेप धरू दे, झालेल्या कामाची मापं मेजरमेंट बुकात लिहू दे, कंत्राटदाराच्या रनिंग बिलात, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणाऱ्या बिलात, तिनं मोजलेलं किती टिकतं ते तिला कळू दे. रेव्हिट त्यानंतर शिकेल, आणि तेव्हा कुठली भिंत कुठं थांबवायची हे तिला कुणी सांगायला लागणार नाही.

कोर्सवाल्यांना फोन करून २० हजार परत मिळतात का विचारा, नाही मिळाले तरी उरलेले ६० भरू नका. आणि कंत्राटदारानं शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितलंय असं तुम्हीच लिहिलंय, तो फोन तिला स्वतःला करू दे.