चर्चमध्ये ऐन शांततेत मुलगा मोठ्याने बोलतो आणि सगळे हसतात. काय करावं?

साडेतीन वर्षांचा मुलगा उपदेशाच्या मध्येच "संपलं का?" म्हणून ओरडतो, अर्पणाच्या थैलीतून नोट काढून घेतो आणि लोक हसले की त्याला आणखी चेव चढतो, असं तुम्ही लिहिलंय. या वयाची मुलं जिथे उपासनेला येतात तिथे हे होतंच, आणि होतंही ठरावीक जागी. उपासनेचा क्रम ठरलेला असल्यामुळे फजितीच्या वेळाही आधीच ठाऊक असतात. तासभर मुलाला दाबून बसवण्यापेक्षा त्या चार-पाच जागा सांभाळा.

सगळ्यात घातक जागा म्हणजे गीत संपतं तो क्षण. ऑर्गन चालू असताना मूल त्यावर आवाज चढवून तुमच्याशी बोलत असतं. गीत थांबतं, त्याचं वाक्य मात्र अर्ध्यावर असतं, आणि "त्या काकांना केस का नाहीत?" हे अख्ख्या मंडळीला ऐकू जातं. छत उंच आणि भिंती दगडी असल्या की ते वर घुमतंही. म्हणून शेवटचं कडवं सुरू झालं की मुलाशी बोलणं तुम्हीच बंद करा. त्याचा प्रश्न चालू असेल तर कडेवर घ्या आणि गीतपुस्तकातल्या ओळीवरून त्याचं बोट फिरवा.

"हळू बोल" सांगून फारसा उपयोग होत नाही. मूल तोंड तुमच्या कानाशी आणतं आणि आवाज तोच ठेवतं. घरी त्याला स्वतःच्या गळ्यावर तळहात ठेवायला लावा. बोललं की गळा थरथरतो, कुजबुजलं की थरथरत नाही. "गळा झोपलाय का बघू" असा खेळ आठवडाभर खेळलात तर चर्चमध्ये नुसतं गळ्याला बोट लावून दाखवणं पुरतं.

थैलीतली नोट ही चोरी नव्हे. समोर फिरत आलेल्या ताटलीतून एक उचलायचं असतं, हेच त्याने आजवर पाहिलंय. ती टाकायची जागा आहे हे थैली आपल्या बाकापाशी यायच्या आधी सांगा, आणि टाकायचे पैसे अगदी तेव्हाच हातात द्या. आधीपासून दिलेलं नाणं फरशीवर पडून चार बाकांखालून घरंगळत जातं; तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत ते तोंडात जायची भीती. घडी घातलेली नोट दोन्ही अर्थांनी बरी.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटायच्या वेळी "मला पण बिस्किट!" हा हट्ट होणारच. कॅथलिक मुलांचं पहिलं कम्युनियन (प्रभुभोजन) साधारण सात वर्षांच्या आसपास होतं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मूल छातीवर हातांची फुली करून जातं आणि फादर आशीर्वाद देतात. इतर मंडळ्यांमध्ये पद्धत वेगळी असू शकते, पाळकांना आधी विचारून ठेवा. नाही म्हणायचं असेल तर ते बाकावरच सांगून टाका, रांगेत नाही. हातातली खेळणीही बाकावरच राहू द्या.

उपदेशातल्या प्रश्नांवर मात्र इलाज नाही. "आपल्यापैकी कोण खोटं बोललं नाही?" असं पाळकांनी विचारलं तर मुलाच्या लेखी तो खराच प्रश्न असतो, आणि उत्तरात बाबांचं नाव यायची शक्यता दाट. मुलांना पुढे बोलावून गोष्ट सांगायची पद्धत असेल तर माईक पाळकांच्याच हातात राहू द्यायची विनंती करा. माईक मुलाच्या हाती गेला की घरातलं कालचं भांडण बाहेर आलंच समजा.

बसायची जागा बहुतेक जण चुकीची निवडतात. लाजेपोटी मागे बसतात, तिथून मुलाला फक्त पाठी दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेच्या दाराजवळचं टोक घ्या. गुडघे टेकायची फळी हाताने खाली घ्या. पायाने सोडली तर धाडकन आवाज होतो आणि खाली बोटं असली तर पुढचा आवाज मुलाचा असतो. पिशवीत तीनच वस्तू ठेवा, तिन्ही बिनआवाजी: चाकं नकोत, वेल्क्रो नको, कुरकुरणारं प्लास्टिक नको. खडू तिकोनी घ्या, गोल खडू उतरत्या फळीवरून खाली जातात. एकेक वस्तू काढा, तीही उपदेश सुरू झाल्यावरच. आधी काढलीत तर ऐन गरजेला पिशवी रिकामी.

रडणं दोन-तीन श्वासांत थांबलं नाही तर उठा. मुलाचं तोंड आपल्या खांद्याकडे ठेवून शांतपणे बाहेर पडा. ओढत नेलंत तर "मारू नको!" ही आरोळी ठरलेली, मग तुम्ही कधी बोटही लावलं नसलं तरी. बाहेर खेळू देऊ नका, नाहीतर रडलं की मैदान मिळतं हा हिशोब पक्का होतो. दारातच उभे राहा आणि पुढचं गीत लागताच आत या.

हसू आलं तर गीतपुस्तकात तोंड लपवून हसा. मुलाने तुमचा चेहरा पाहिला की तेच पुन्हा होणार. उपासनेनंतर त्याच्यादेखत किस्सा रंगवून सांगणंही टाळा, ती पुढच्या रविवारची तालीम असते. पाळकांच्या रागाची धास्ती मात्र उगाच घेऊ नका. 2018 मध्ये व्हॅटिकनमधल्या जाहीर भेटीच्या वेळी एक लहान मुलगा थेट मंचावर चढून स्विस गार्डचा (पोपच्या रक्षक सैनिकाचा) हात ओढू लागला होता, आणि पोप फ्रान्सिस यांनी त्याला तिथेच खेळू दिलं.

नाताळच्या मेणबत्त्यांचं तेवढं गंभीरपणे घ्या. मुलाच्या डोक्यात मेणबत्ती म्हणजे वाढदिवस, म्हणून फुंकर येणारच. लहानांच्या हाती बॅटरीवरची मेणबत्ती द्या. मोठ्यांनी एकमेकांची पेटवताना जळती मेणबत्ती सरळ धरावी आणि न पेटलेली तिरकी करून तिच्याशी न्यावी, म्हणजे गरम मेण खाली उभ्या मुलावर सांडत नाही. मुलीचे केस मोकळे असतील तर घरूनच बांधून न्या.